सॅकमध्ये पाच किलो पीठ

माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. साताऱ्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मला सतरा वर्षं झाली आणि या सतरा वर्षांत बुधवारी मोकळी असलेली एकही मैत्रीण मला मिळालेली नाही. मी एकटी गड चढते त्याचं कारण एवढंच आहे. लोकांना वाटतं बाईचा आत्मशोध वगैरे चालू असणार. तसलं काही नाही. रविवारी सगळे डोंगरावर असतात तेव्हा मी खोकल्याचं औषध देत असते, आणि मी डोंगरावर असते तेव्हा बाकीचे कामावर असतात.

एकटीनं जाण्यात भीतीपेक्षा ओझ्याचा प्रश्न मोठा असतो, हे मला जरा उशिराच कळलं. चौघं मिळून गेलं की एकाकडे भांडी, एकाकडे दोर, एकाकडे औषधं, आणि चौथा फक्त स्पीकर आणतो. एकटीला वाटून घ्यायला कुणी नसतं. बॅटरी, औषधं, पाणी, जास्तीचं पाणी, सगळं एकाच पाठीवर. आणि ते सगळं ज्या पिशवीत भरायचं ती पिशवीच जड असेल तर चढ सुरू व्हायच्या आधीच आपण हरलेलो असतो.

दुकानात गोळ्या न्यायला येणारी कॉलेजची पोरं-पोरी अधूनमधून विचारतात, “मॅडम, दोन हजारात कुठली सॅक घेऊ?” गिऱ्हाईक मागे उभं असताना अर्धवट काहीतरी सांगितलं जातं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. या वर्षी आवडलेलं मॉडेल पुढच्या वर्षी दुकानात नसतं, आणि माझ्या पाठीला बसलेली सॅक तुमच्या पाठीला बसेलच असंही नाही. बघायचं कसं, ते सांगते.

पहिली सॅक मी रात्री साडेअकराला मोबाइलवर घेतली. ५५ लिटर. किंमत १,४९९ रुपये, आणि शेजारी खोडलेले ४,९९९. रोज छापील किमतीवर किती टक्के सूट द्यायची याची भांडणं करणारी बाई मी, आणि खोडलेल्या आकड्याला भुलले. फोटोत एक गोरा दाढीवाला बर्फात उभा होता. मला जायचं होतं कोरेगाव तालुक्यात.

सॅक आली, मोठी होती, म्हणून मोठी भरली. मोठं घर मोठा पसारा, तसंच ते. सासूबाईंनी स्वतः शिवलेली गोधडी दिली. “थंडी असती वर,” म्हणाल्या. ती एकटी गोधडीच २ किलो ४०० ग्रॅम भरली, पण ते नंतर मोजलं. त्यात स्टीलची बाटली, तीन पुडांचा डबा, दोन टॉवेल, जाड चादर, आणि कशाला ते अजून आठवत नाही पण एक कुलूप. रात्रीच्या मुक्कामाची रंगीत तालीम म्हणून हे सगळं घेऊन मी एका बुधवारी कल्याणगडावर गेले. हाच नांदगिरीचा किल्ला. वर कातळात खोदलेली अंधारी गुहा आहे, तिच्यात गुडघ्याला लागेल असं पाणी, कठड्याला धरून आत जायचं, आणि शेवटी पार्श्वनाथ आणि दत्ताची मूर्ती. तिथवर जाईपर्यंत माझ्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. मला वाटलं गुहेतल्या गारव्यानं असेल.

गारव्याचा काही संबंध नव्हता. अरुंद पट्टे खांद्यात रुततात, मानेतून हातात जाणाऱ्या नसांवर दाब येतो आणि हात बधिर होतो. वैद्यकात याला चक्क ‘रकसॅक पाल्सी’ असं नाव आहे. सैनिकांमध्ये, भरपूर ओझं वाहणाऱ्यांमध्ये हे होतं, आणि जास्त दिवस दुर्लक्ष केलं तर हाताची ताकदसुद्धा जाते. माझं तेवढ्यावर निभावलं. उतरताना मात्र उजव्या पट्ट्याची वरची शिवण उसवली आणि अख्खी सॅक एका खांद्यावर लोंबायला लागली. ओढणीनं बांधून पाहिलं, जमेना. शेवटी सॅक पोटाशी कवटाळून, पायाखालचं काही दिसत नाही अशा अवस्थेत उतरले. खाली शेतात खुरपणाऱ्या एक मावशी उभ्या राहून बघत होत्या. “काय वं ताई, ल्योक हाय का काय काखंत?”

घरी येऊन ताणकाट्याला टांगली. ११ किलो ८०० ग्रॅम. रिकामी केली आणि पुन्हा टांगली. १ किलो ८५०. म्हणजे जवळपास दोन किलो मी नुसती पिशवीच वाहत होते. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती कधीच उलटून गेलेली.

राजवाड्याच्या बाजूला एका बोळात बॅगा, चेन, छत्र्या दुरुस्त करणारे एक मामा बसतात. त्यांच्याकडे नेली. त्यांनी पट्टा बाजूला केला, बोटानं शिवण उकलली, धागा ओढला, तो तट्कन तुटला. “ताई, ह्यो सुती धागा हाय. घाम, पाऊस लागला का कुजतोय. आन् पट्टा आत किती गेलाय बघा. अर्धा इंचबी न्हाई.” मग त्यांनी शेजारी दुरुस्तीला आलेली एका पोराची जुनी सॅक उचलून दाखवली. तिच्यात पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं गेलेलं होतं आणि त्यावर दाट आडवे टाके घातलेले होते. इंग्रजीत त्याला बार टॅक म्हणतात, मामा ‘लॉक’ म्हणतात. सॅकविषयी मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्या बोळात स्टुलावर बसून कळलेलं आहे.

तर मामांची परीक्षा अशी. सॅक हातात आली की रंग, कप्पे काही बघायचं नाही. ती उलटी करून आतून बघायची. खांद्याचे पट्टे जिथून निघतात ती जागा आणि तळाला जिथे येऊन मिळतात ती जागा, या चार ठिकाणी दाट टाके आहेत का. धागा चकाकतो का. चकाकत असेल तर बहुतेक नायलॉन किंवा पॉलिस्टर असतो. कापडाची कापलेली कड उघडी आहे की पट्टी लावून बंद केली आहे. उघडी असेल तर तिचे दोरे निघत जातात आणि एक दिवस शिवणीला धरायला कापडच उरत नाही. मग चेन. चेन बारीक दातांची असेल तर भरलेल्या सॅकवर ताण येऊन फाटते. मुख्य कप्प्याला ८ नंबरची तरी असावी, छोट्या कप्प्यांना ५ चालते. आकडा मोठा तितके दात रुंद, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. रनरवर ‘वायकेके’ या नावाजलेल्या चेन-कंपनीची अक्षरं असली की बरं वाटतं, पण ती अक्षरं नकली चेनवरही पडतात, तेव्हा दहा वेळा उघडझाक करून बघावी. मामांचं मत चेनच नको असं आहे. वरून दोरी ओढून तोंड बंद होणारी सॅक त्यांना पसंत. “दोरीला काय बिघडतंय?”

त्यांनी माझी सॅक नव्वद रुपयांत शिवून दिली. ती अजून आहे, दिवाळीचे आकाशकंदील तिच्यात ठेवलेले आहेत.

दुसरी सॅक घ्यायला मी दीड वर्ष लावलं. पहिल्यांदा सामान ठरवलं, सॅक शेवटी. हा क्रम उलटा वाटतो, कारण सगळे आधी सॅक घेतात आणि मग तिच्यात काय मावतं ते बघतात. मी घरातला सगळा पसारा स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातला. औषधांच्या दुकानातली माणसं मिलिग्रॅममध्ये विचार करतात, त्यामुळे मला यात मजाच आली. गोधडी आईंना परत गेली, म्हणजे सासूबाईंना. त्यांना लागलं ते, पण त्या काही बोलल्या नाहीत. तिच्या जागी झोपायची पिशवी आली, १,०५० ग्रॅम. स्टीलची बाटली गेली आणि एक लिटरच्या साध्या पाण्याच्या दोन बाटल्या आल्या, दोन्ही मिळून साठ ग्रॅम. डबा गेला, दशम्या फडक्यात बांधल्या. पाण्याचं काही करता येत नाही, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि सह्याद्रीत होळीनंतर गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर जाऊ नये, म्हणून दोन लिटर तर हवंच.

औषधांचं पुडकं आधी ५०० ग्रॅमचं होतं. दुकानातलं सगळं घेऊन जावंसं वाटतं ना. आता १८० ग्रॅम. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, तापाच्या आणि अॅलर्जीच्या मोजक्या गोळ्या आणि क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी २०.५ ग्रॅमची, ती एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नका, हे काउंटरवर रोज सांगते, इथेही सांगते. आणि गोळ्यांची पट्टी कापून नेत असाल तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा ठेवा. बिननावाची गोळी अंधारात कुणाला द्यायची हिंमत माझीही होत नाही.

लिटरचं गणित दुकानातल्या खोक्यांनी सोडवलं. सलाइनच्या बाटल्या येतात ते पुठ्ठ्याचे खोके आमच्याकडे ढिगानं पडलेले असतात. सगळं सामान एका खोक्यात नीट दाबून भरलं, मग लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार केला आणि हजारानं भागलं. ४० गुणिले ३० गुणिले २५ म्हणजे तीस हजार, म्हणजे ३० लिटर. माझं एका रात्रीचं सामान तेवढ्यात बसलं. थोडी मोकळीक धरून ३५. ते ५५ लिटरचं धूड मी कशाला घेतलं होतं, देव जाणे. लेबलवरचे लिटर प्रत्येक कंपनी आपापल्या परीनं मोजते. कुणी बाहेरचे कप्पे धरतं, कुणी धरत नाही. म्हणून शक्य असेल तर सामानच घेऊन जावं दुकानात.

आता पाठ. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याच्याबद्दल मला कुणीही, कधीही काही सांगितलं नव्हतं. मी पाच फूट एक इंच. सॅकला लागणारं माप उंचीचं नसतं, पाठीचं असतं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड टोकदार लागतं, ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, भांडायला उभं राहतो तसे. अंगठे मागे. कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर हात टेकतात, आणि दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते ते खालचं टोक. मधलं अंतर शिंप्याच्या टेपनं दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्यायचं. माझं ४१ सेंटीमीटर. माझी बहीण माझ्याइतकीच उंच आहे, तिचं ४४. जुन्या सॅकचं खांद्यापासून कमरपट्ट्यापर्यंतचं अंतर मोजलं तर ते ५० निघालं! म्हणजे माझा कमरपट्टा कमरेवर कधी बसलाच नव्हता. तो खाली सरकून लोंबत होता, आणि सगळं ओझं खांद्यांवर.

कमरपट्टा म्हणजे सॅक हलू नये म्हणून पोटावर बांधायची पट्टी, अशीच माझी समजूत होती. खरा कमरपट्टा रुंद आणि भरीव असतो, तो कमरेच्या हाडांच्या कडेवर बसतो, आणि नीट आवळला की ओझ्याचा मोठा वाटा पायांवर जातो. खांद्यांनी फक्त सॅक पाठीला धरून ठेवायची. आपल्याकडच्या बायका पाण्याची घागर कमरेवर घेतात, खांद्यावर नाही, ते उगाच नव्हे. सॅक पाठीवर घ्यायचा क्रमही आहे. आधी कमरेचं बक्कल लावायचं, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, मग छातीवरची पट्टी. बायकांसाठी ती छातीवरची पट्टी वर-खाली सरकणारी हवीच. पुरुषांच्या मापाच्या सॅकमध्ये ती नेमकी नको तिथे येते आणि दिवसभर वैताग देते. दुकानातल्या मुलांना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून इथे लिहिते.

भाच्याकडे पुण्याला गेले होते तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानात सॅक बघायला गेले. रिकामी सॅक कुठलीही छानच वाटते. फुग्यासारखी. म्हणून मी घरून ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या नेल्या होत्या, दोन-दोन किलोच्या दोन आणि एक किलोची एक. पहिल्या सॅकमध्ये त्या घालून मी आरशासमोर उभी राहिले, तेवढ्यात तिथला मुलगा आला.

“मॅडम, हे काय आहे?”

“ज्वारीचं पीठ.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “इथेच विकत घेतलं नाही ना?” भाचा लांब जाऊन बुटांकडे बघत उभा राहिला.

पण त्या मुलाला नंतर गंमत वाटायला लागली. त्यानं एकामागून एक सात सॅक काढून दिल्या. प्रत्येकीत पीठ घालून मी दुकानाचा जिना चढले-उतरले, वाकून बुटाची नाडी बांधली, मान वर करून छताकडे बघितलं. मान वर करता आली पाहिजे, कारण कातळातली पायरी वर बघूनच चढायची असते, आणि उंच सॅक डोक्याला मागून टेकते. सातपैकी चार इथेच गेल्या. एक जाळीची पाठ असलेली होती, म्हणजे पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळायला कमानीसारखी जागा. उन्हाळ्याला छान. पण तिची चौकट जड, आणि ओझं पाठीपासून दोन-तीन इंच मागे गेल्यामुळे मागे ओढल्यासारखं होत होतं. घाम परवडला. घाम काय, तो नाहीतरी येणारच.

उरल्या दोन. एक ७०० ग्रॅमची, अगदी पातळ कापडाची, फारच देखणी, पण किंमत माझ्या महिन्याच्या किराण्याएवढी. कापडाच्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. ७० डेनिअरचं कापड झिरझिरीत, ६०० चं जाडजूड. आपल्याकडच्या करवंदीच्या जाळ्यांमधून सरपटत जायचं असेल तर फार पातळ कापड नको. परदेशात त्याहून हलकी, डायनिमा नावाच्या तंतूची कापडं निघाली आहेत, त्यांच्या सॅकची किंमत ऐकून मी विषय सोडला. मधलं, साधारण २१० डेनिअरचं, चौकोनी विणीचं नायलॉन मला बरं वाटलं. त्या विणीत एखाद्या जागी फाटलं तरी फाट पुढे पळत नाही.

शेवटी घेतली ती ३५ लिटरची, ९४० ग्रॅम, २,१९९ रुपये. आत सळ्या, चौकट काही नाही. कमरपट्टा भरीव आहे. कप्पे तीनच. नारिंगी रंग मी मुद्दाम घेतला. काळी, हिरवी सॅक रानात ठेवून दहा पावलं लांब गेलं की मला सापडत नाही, आणि उद्या मलाच कुणाला शोधायची वेळ आली तर निदान सॅक तरी दिसेल. छातीच्या बक्कलात शिट्टी होती. बऱ्याच सॅकना असते, लोकांना माहीतच नसतं. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची आंतरराष्ट्रीय खूण. एकटीला मोबाइलपेक्षा तिचा आधार जास्त, कारण दरीत रेंज नसते.

चौकट नसलेली सॅक आठ-नऊ किलोंपर्यंत ठीक, त्यापुढे ती पोत्यासारखी फुगते आणि पाठीत गोळे टोचतात. त्यावरचा उपाय जुनाच आहे. फोमची चटई घडी करून सॅकच्या आत पाठीच्या बाजूला घालायची, तीच चौकट होते. पण माझी चटई आत सरकत होती, म्हणून पुन्हा मामांकडे. त्यांनी आतून एक कापडी खिसा शिवला, चटई त्यात बरोबर बसते. शिवाय सगळ्या पट्ट्यांची लोंबणारी जादा टोकं कापून मेणबत्तीवर भाजून दिली. दीडशे रुपये घेतले. कापलेल्या टोकांचं वजन मी केलं, ३० ग्रॅम. मामा हसले. “ताई, त्यापरीस एक पेढा कमी खावा.”

ते कंदी पेढ्यांविषयी बोलत होते, आणि ते मला जमणारं नाही.

पावसाचं थोडक्यात. सॅकवर घालायचं रेनकव्हर सह्याद्रीतल्या पावसात निम्मंच काम करतं. पाऊस इथे वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो, पाठीकडून पाणी झिरपत आत जातं, आणि कव्हरच्या तळाशी तळं साचतं. कोयनेकडची माणसं इरलं किंवा पोत्याची खोळ डोक्यावरून घेतात, म्हणजे पाठ आणि ओझं दोन्ही एकाच आडोशाखाली. मी सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालते, सगळं त्यात, आणि तोंड पिळून बांधते. सॅक भिजली तर भिजू दे. मोहीम संपली की ती सावलीत पूर्ण वाळवायची. नाहीतर कापडाला आतून दिलेला पीयूचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर दमटपणानं चिकट होतो, मग सोलून निघतो आणि एक आंबूस वास येतो, तो जात नाही. गोळ्यांच्या डब्यांमध्ये ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या येतात, त्या मी साठवून ठेवते आणि पावसाळाभर दहा-बारा सॅकमध्ये टाकून देते. दुकानात काम करण्याचा हा एक फायदा.

भरताना झोपायची पिशवी तळाला, पाणी आणि खाणं मध्ये पाठीला चिकटून, हलकं वर. बाहेरच्या जाळीत केळी ठेवू नयेत. गडावरच्या माकडांना चेन उघडता येते, जाळी तर उघडीच.

इंटरनेटवर वाचताना मला एमा गेटवुड नावाची बाई भेटली. अमेरिकेतली, अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती अॅपलेशियन ट्रेल नावाची तीन हजारांहून जास्त किलोमीटरची डोंगरवाट एकटीनं चालली. सॅक नव्हती तिच्याकडे. घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकली होती, पायात कापडी बूट, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. वाचताना मला माझी आजी आठवली. लोणंदला माउलींची पालखी आली की ती तिथून दिंडीत शिरायची आणि पंढरपूरपर्यंत चालायची. खांद्यावर पडशी. पुढच्या झोळीत दशम्या आणि गूळ, मागच्या झोळीत एक लुगडं. दोन्ही बाजूंनी वजन सारखं, हात मोकळे टाळ्या वाजवायला. पडशीचं डेनिअर कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिचं मोठं बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये असायचं, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर गोष्ट उगाच गोड होते.

तिकडे अमेरिकेत हलकं सामान नेणाऱ्यांनी एक रेघ आखलेली आहे. अन्न-पाणी सोडून बाकी सगळं दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत. माझं मोजलं तर ३ किलो ६९० ग्रॅम भरलं आणि मी दिवसभर खूश होते. पण ती माणसं तंबू, चूल, सगळं नेऊन तेवढ्यात बसवतात. माझ्याकडे तंबूच नाही. मी मुक्कामाला माणसांत जाते. वासोट्याला बामणोलीहून लाँचनं जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि संध्याकाळी परत यायचं, तिथे रात्री राहायला बंदीच आहे, म्हणजे छोटी सॅक पुरते. वैराटगड, चंदन-वंदन हे दिवसाचे. त्यामुळे माझ्या आकड्यावर फार जाऊ नका. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ओझं असावं असं म्हणतात. मी ५४ किलोंची, म्हणजे माझी हद्द अकराच्या आत. कल्याणगडावर ती ओलांडली होती.

नव्या सॅकची पहिली रात्र रायरेश्वरावर. निघायच्या आधी दोन बुधवार पूर्ण भरून अजिंक्यताऱ्यावर नेली, ‘चार भिंती’ या स्मारकावरून पुढे, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या नजरा झेलत. डाव्या बाजूला कमरपट्ट्याची शिवण घासते हे तिथे कळलं, रायरेश्वरावर कळलं असतं तर महागात पडलं असतं. मग जानेवारीत रजा जोडून मिळाली. वाईहून जाऊन आधी केंजळगड. त्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उंच आहेत, एकेका पायरीला गुडघा छातीशी येतो, आणि तिथे पहिल्यांदा जाणवलं की पाठीवर काही आहे हे मी विसरले होते. तिथून रायरेश्वरापर्यंत डोंगराच्या सोंडेवरून, मग लोखंडी शिड्या. अन्नपाण्यासकट सगळं मिळून ६ किलो ६५० ग्रॅम.

रायरेश्वराच्या पठारावर जंगमांची घरं आहेत, ते जेवूखाऊ घालतात, राहायला जागा देतात. शिवरायांच्या शपथेचं देऊळ म्हणून लोक जातात, मीही आधी तिथेच गेले, मग घराच्या ओसरीवर सॅक टेकवली. घरातल्या काकूंनी ती उचलून आत ठेवायला घेतली आणि थबकल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

“कोण न्हाई संगं?”

“नाही.”

त्यांनी सॅक एका हातानं पुन्हा वर-खाली करून पाहिली. “आमच्या नातीचं दप्तर ह्याहून जड हाय,” म्हणाल्या आणि पिठलं टाकायला आत गेल्या.

त्या रात्री थंडी भरपूर होती. गोधडीची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात सॅक खुंटीवर दिसेना. सगळं घर शोधलं. तासाभरानं आई गिरणीतून आल्या, पाठीवर नारिंगी सॅक, आत आठ किलो दळण, कमरेचं बक्कल अगदी बरोबर जागी लावलेलं. “खांद्याला लागत न्हाई गं,” म्हणाल्या. आता आत सगळीकडे ज्वारीचं पीठ आहे, शिवणीत, चटईच्या खिशात, शिट्टीतसुद्धा. मशिनमध्ये धुता येत नाही, आतला थर सुटतो. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत टांगली आहे. परवा बुधवार आहे, तोपर्यंत वाळायला हवी.